पुसलेले हात

शालनअक्कांचा जीव तनयनं वाचवला, असं कानडी मुलखातल्या शिवाजीनगरातली ती अख्खी गल्ली म्हणू लागली, आणि ज्याचं कौतुक चाललं होतं त्याला घास गोड लागेना. शेजारची पवित्रा सांगायची, अक्कांचा मुलगा नागनाथ सांगायचा, दूधवाला तर स्वतः तिथं नसूनही सांगायचा. प्रत्येक जण सांगताना तनयच्या पाठीवर हात ठेवायचा आणि त्या हाताखाली तनय आणखी थोडा वाकायचा. लोकांना वाटलं, पोरगा नम्र आहे. पुण्याचा असूनही नम्र आहे, असं एक जण कौतुकानं म्हणालासुद्धा.

खरं काय घडलं ते एकट्या तनयला ठाऊक होतं. ते इतकं छोटं होतं की करंगळीच्या नखाएवढ्या जागेत मावत होतं.

तनय आणि त्याची बायको निधी अक्कांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत. दोघांची ऑफिसं मारतहळ्ळीला. तिथं चकाचक फ्लॅट मिळत असताना ही दोघं ह्या जुन्या, दाटीच्या वस्तीत का आली, हे त्यांच्या मित्रांना कोडंच होतं. कारण साधं होतं. इथून एस. पी. रोड जवळ. तिथल्या बोळांमधून सुटे भाग विकणारी दुकानं आहेत, आणि शनिवारी त्या दुकानांतून फिरलं नाही तर तनयचा आठवडा पुरा होत नसे. दिवसभर संगणकासमोर बसून जे काम तो करायचा ते कुणाला दिसायचं नाही, त्याला हात लावता यायचा नाही. घरी आल्यावर सोल्डरिंगची कांडी तापवली, चार भाग जोडले आणि दिवा लागला की त्याला आपण काहीतरी केल्यासारखं वाटे. निधीच्या मते ह्या छंदानं आजवर घरात फक्त धूर दिला होता.

खाली शालनअक्का. त्यांचे आजेसासरे लष्कराच्या छावणीत कपडे शिवायला म्हणून आले आणि इथलेच झाले. घरात मराठी टिकली, पण तिच्यात कानडीचं विरजण चांगलंच लागलेलं. अक्का दोशाचं पीठ वाटून विकत. गल्लीत त्याला कुणी पीठ म्हणत नसे, हिट्टुच म्हणत. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात त्यांचा दगडी ग्राइंडर होता, आणि संध्याकाळी तो घरघरायला लागला की गल्लीतल्या बायका भांडी घेऊन दारात यायच्या. नवरा गेल्यावर ह्या ग्राइंडरनं नागनाथला शिकवलं, त्याचं लग्न करून दिलं. नागनाथ आता आनेकलला एका कारखान्यात सुपरवायझर होता, बायकोमुलांसह तिथंच राहायचा आणि रविवारी आईकडे यायचा.

तनयसाठी पिठाचं पातेलं वेगळं निघायचं. ते देण्याची अक्कांची एक रीत होती. पातेलं त्याच्या दोन्ही हातांत ठेवायचं, पण स्वतःची पकड सोडायची नाही. मग विचारायचं, "जेवलास का?" तो हो किंवा नाही म्हणेपर्यंत पातेलं दोघांच्या हातांत. पुण्याला आई फोनवर हाच प्रश्न विचारायची तेव्हा तनय लॅपटॉपकडे बघत हुं म्हणायचा. इथं पळवाट नव्हती.

तर ह्या अक्कांवर उपकार करायची हौस तनयला आली. अक्का ग्राइंडरपाशी पाटावर बसून राहत, कारण पीठ जास्त फिरलं की तापतं आणि आंबायचं बिघडतं. बसून बसून त्यांचे गुडघे धरायचे. तनय म्हणाला, मी एक डबा करून देतो. बटण दाबायचं आणि आत जाऊन पडायचं, वेळ झाली की ग्राइंडर आपोआप बंद होईल आणि शिट्टी वाजेल. अक्कांनी मागितलं नव्हतं. पण नाही कशाला म्हणायचं? त्यांनी आपला एक जुना स्टीलचा डबाच काढून दिला. झाकणावर टोच्यानं कोरलेलं होतं, 'चि. शालनला मावशीकडून'.

"ह्याला भोकं पाडावी लागतील," तनय म्हणाला.

"पाड की. वर नुसता पडून आहे. मावशी काय बघायला येतीय?"

डबा होत असताना एका दुपारी अक्का वर आल्या. चष्मा सावरत त्या टेबलावरच्या पसाऱ्यावर वाकल्या. तनयनं त्यांना चिमटीत धरून एक काळा, चार पायांचा ठिपका दाखवला.

"हे बघा अक्का, इकडून तुमच्या ग्राइंडरची घरातली वीज येणार. तिच्यात माणूस मारायची ताकद. इकडे माझं सर्किट, मोबाइलच्या चार्जरवर चालणारं, पोरखेळच म्हणा. ही दोघं एकमेकांना लागली तर माझं सर्किट जळेल आणि डब्याला हात लावणाऱ्याचं काही खरं नाही. म्हणून मध्ये हा बसवायचा. ह्याला ऑप्टोकपलर म्हणतात. ह्याच्या पोटात एका बाजूला इवलासा दिवा आहे आणि समोर त्या दिव्याकडे बघणारा डोळा. मोटर चालू झाली की दिवा लागतो, डोळ्याला कळतं. पण दोघांमध्ये तार नाही. नुसता उजेड पलीकडे जातो."

अक्कांनी तो ठिपका तळहातावर घेतला, उलटासुलटा केला.

"अय्यो, म्हणजे सोवळं की रे हे!" त्या म्हणाल्या. "माझी आजी सोवळ्यात असली की आम्हा पोरांना जवळ येऊ द्यायची नाही. लाडू द्यायचा झाला तर वरून टाकायची हातात. बोलणं सगळं व्हायचं, माया सगळी पोचायची, पण शिवायचं नाही."

तनयला हे इतकं आवडलं की त्यानं ऑफिसात चार जणांना सांगितलं. त्या दिवसापासून ह्या घरात ऑप्टोकपलरचं नाव सोवळं पडलं. अक्का पवित्रालाही ऐटीत सांगायच्या, "आमच्या डब्यात सोवळं घातलंय तनयनं. शॉक बसायचा प्रश्नच नाही."

आता पुढची गोष्ट. डबा तयार झाला आणि चालेना. टेबलावर चालायचा, पण ग्राइंडरला जोडून मोटर सुरू केली की सर्किट गोंधळायचं, मध्येच बंद पडायचं. तनयनं आख्खा शनिवार घालवला. अक्का दोनदा येऊन विचारून गेल्या, "झालं का रे?" दोनदा तो "झालंच" म्हणाला. शेवटी त्यानं छंदवाल्यांच्या एका ग्रुपवर प्रश्न टाकला. लगेच उत्तर आलं. ग्राउंड एक केलंय का?

ह्या छंदातली माणसं हा प्रश्न 'काय, बरं आहे ना?' इतक्या सहज विचारतात. दोन सर्किटं एकमेकांशी नीट बोलत नसतील तर आधी त्यांची ग्राउंडची तार एक करायची, हा पहिला धडा. शंभरात नव्व्याण्णव वेळा तो बरोबर असतो. जिथं ऑप्टोकपलर बसवलाय तिथं मात्र तो एकदम उलटा. तिथं दोन्ही बाजू वेगळ्या ठेवण्यासाठीच तर सगळा खटाटोप. हे तनयला माहीत नव्हतं असं नाही. चांगलं माहीत होतं. उत्तर देणाऱ्याला माहीत नव्हतं की मध्ये ऑप्टोकपलर आहे, आणि तनयनंही ते त्याला सांगितलं नाही. त्यानं बोटाच्या पेराएवढी तार घेतली आणि सोवळ्याच्या ह्या बाजूचं ग्राउंड त्या बाजूला जोडून टाकलं. डबा निमूटपणे चालू लागला.

त्याच्या मनात पाल चुकचुकली. त्यानं डब्याला टेस्टर लावून पाहिला, दिवा लागला नाही. स्वतः हात लावला, काही झालं नाही. पुढच्या आठवड्यात नीट करू, असं ठरवून त्यानं झाकण लावलं. अक्कांनी डब्याला हळदकुंकू वाहिलं. पुढचा आठवडा आला आणि गेला, डबा चालतच होता, आणि चालणारी वस्तू उघडून बसणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

भिंतीतून येणाऱ्या दोन तारांपैकी एकीत मार असतो, दुसरी गरीब असते. तनयच्या सर्किटचं ग्राउंड डब्याच्या अंगाला जोडलेलं होतं, आणि ती चिमुकली तार त्या स्टीलला गरीब तारेशी बांधत होती, म्हणून सगळं सुरळीत होतं. पण डब्याचा प्लग दोन पिनांचा होता, आणि दोन पिनांचा प्लग कसाही बसतो. एका संध्याकाळी अक्कांनी चटणीसाठी मिक्सर लावायला तो काढला आणि काम झाल्यावर परत लावला. उलटा. मार असलेली तार डब्याच्या अंगाला आली. अक्कांनी भांडं विसळलं, हात पुसले, अनवाणी पायांनी ओलसर फरशीवर उभ्या राहिल्या आणि डब्याचं बटण दाबलं.

तनय त्या दिवशी घरूनच काम करत होता. खालून पवित्राची किंकाळी आली तसा तो तीनतीन पायऱ्या गाळत उतरला आणि त्यानं आधी दारामागचा मेन स्विच पाडला. अक्का तोवर झटक्यानं मागे फेकल्या जाऊन पाटावर आदळल्या होत्या. डावा हात अंगाखाली. शुद्ध होती, पण नजर थाऱ्यावर नव्हती. पवित्रा, जी पीठ घ्यायला म्हणून दारात उभी होती, ती रडत रडत एकच सांगत होती, "ओल्या हातानं बटण दाबलं अक्कानं! किती सारी, किती वेळा सांगायचं? मी बघितलं, भांडं धूत होती!"

दवाखान्यात हात प्लास्टरमध्ये गेला. हृदय ठीक आहे, नशीब समजा, असं डॉक्टर म्हणाले. नागनाथ आनेकलहून धावत आला आणि त्यानं तनयला मिठीच मारली. मग डोळे पुसत विचारलं, "तुझा तो डबा बरोबर आहे ना रे?"

तनय म्हणाला, "हो. त्यात ऑप्टोकपलर आहे. करंट बाहेर येऊच शकत नाही."

हे वाक्य त्यानं इतक्या वेळा इतक्या लोकांना अभिमानानं सांगितलं होतं की ते आपोआप तोंडातून गेलं. त्या क्षणी ते खोटं आहे हे त्याला खात्रीनं माहीत नव्हतं, असं तो नंतर स्वतःला समजावत राहिला. पण संशय होता. 

दुसऱ्या दिवशी नागनाथ दवाखान्यात असताना तनय रिकाम्या स्वयंपाकघरात गेला. प्लग जसा होता तसाच ठेवून त्यानं मेन चालू केला आणि डब्याला टेस्टर टेकवला. लाल दिवा लख्ख लागला. झाकणावरच्या मावशीच्या अक्षरांवर टेकवला तरी लागला. प्लग फिरवून लावला, दिवा विझला. तनय तिथंच पाटावर बसला. मग त्यानं डबा वर नेला, झाकण उघडलं, ती तार पक्कडीनं कापली आणि कचऱ्यात टाकली. 

संध्याकाळी नागनाथला तो म्हणाला, "डबा तपासला. ठीक आहे." आता हे खरं होतं. ह्या खरेपणाची त्याला जेवढी लाज वाटली तेवढी खोट्याचीही वाटली नव्हती.

नागनाथनं मैसूर पाकाचा पुडा आणला होता. "आईला वाचवलंस तू," म्हणत त्यानं एक वडी तनयच्या तोंडातच घातली. ती गिळायला तनयला पाणी लागलं.

अक्का घरी आल्या आणि मग सुरू झालं ते तनयनं धरलेलंच नव्हतं. शॉक बसला, हात मोडला, हात जुळेल, विषय संपेल, असा त्याचा हिशेब. पण येणारा जाणारा प्रत्येक जण अक्कांना रागवू लागला. अक्का, ओल्या हातानं विजेला हात लावायचा असतो का? पोरांना सांगतो ते तुम्हाला सांगायचं? सुरुवातीला अक्का ठणकावून सांगायच्या.

"मी हात पुसले होते. ह्या पदराला पुसले. मला चांगलं ठाऊक आहे."

"सरी, सरी," लोक बरं बरं अशा सुरात म्हणायचे आणि एकमेकांकडे बघायचे.

एके दिवशी तनय जिन्यावरून उतरत असताना त्याला ऐकू आलं. पवित्रा म्हणत होती, "अक्का, मी समोर उभी होते ना!" आणि अक्का म्हणाल्या, "असेल गं. पुसले असं वाटतंय. पण तू बघितलंस तर नसतील पुसले." तनय तिथूनच परत वर गेला. ऑफिसला निघालो होतो हे त्याला वर गेल्यावर आठवलं.

त्यानंतर अक्का हात पुसायच्या, थांबायच्या, पुन्हा पुसायच्या. मग हात डोळ्यांसमोर धरून बघायच्या, जणू दुसऱ्या कुणाचे आहेत. गॅस बंद केला का हे पाहायला अर्ध्या गल्लीतून परत यायच्या. तनयला विचारायच्या, "मी तुला काल ताक दिलं ना रे? की आज द्यायचं होतं?" काल दिलेलं असायचं. त्या बरोबर असायच्या, पण आपण बरोबर आहोत ह्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. हे असं बघण्यापेक्षा शॉक आपल्याला बसता तर बरं, असं तनयला मनापासून वाटायचं. आणि तरीही तोंड उघडायचं नाही.

"मला वाटतं त्यांचं मेमरीचं काहीतरी सुरू झालंय," निधी एकदा जेवताना म्हणाली. "माझ्या आजीचं एक्झॅक्टली असंच स्टार्ट झालं होतं. नागनाथना सांगायला हवं, टेस्ट करून घ्या म्हणून."

"काही झालेलं नाही त्यांना!" तनय ओरडला. निधीनं हातातला घास परत ताटात ठेवला.

"अरे, मी काळजीनं बोलतेय. तू का चिडतोस?"

तेव्हा सांगता आलं असतं. निधी रागावली असती, रडली असती, आणि मग त्याला हाताला धरून खाली घेऊन गेली असती. ते तिसरं त्याला नको होतं. तो म्हणाला, "ऑफिसचं टेन्शन आहे."

नागनाथला कुणी सांगायची गरज पडली नाही. त्यानं आपला निर्णय आपणच घेतला. आईला एकटं ठेवायचं नाही, आनेकलला न्यायचं. खालचं घर भाड्यानं द्यायचं. ग्राइंडर मंजुनाथ नावाच्या ओळखीच्या हॉटेलवाल्याला द्यायचा. अक्कांनी भांडायला हवं होतं. चार महिन्यांपूर्वीच्या अक्का असत्या तर नागनाथला दारातून आत येऊ दिलं नसतं. ह्या अक्का म्हणाल्या, "सरी बाबा. उद्या गॅस चालू राहिला तर गल्ली पेटायची."

रविवारी सकाळी टेम्पो आला. दारात अक्कांची ट्रंक, गाठोडी, देवांची पितळी पेटी. पवित्रा डोळ्यांना पदर लावून उभी. मंजुनाथ आणि नागनाथ ग्राइंडर उचलायला वाकले, पण दगड काही हलेना.

"तनय, स्वल्प हात लाव रे," नागनाथनं हाक मारली.

तनय जिन्यात उभा होता. निधी त्याच्या मागे होती. तो खाली आला, वाकला, ग्राइंडरच्या बुडाला हात घातला. दगड गार होता, कडेला वाळलेल्या पिठाची पापडी होती. अक्का ओट्याला टेकून उभ्या होत्या, प्लास्टर निघालेला हात दुसऱ्या हातानं धरून. ग्राइंडरकडे त्या बघतच नव्हत्या. भिंतीवरच्या प्लगकडे बघत होत्या.

"एक, दोन..." मंजुनाथ म्हणाला.

"अक्कांचे हात ओले नव्हते," तनय म्हणाला.

कुणाला काही कळलं नाही. नागनाथ म्हणाला, "काय?"

"अक्कांचे हात ओले नव्हते. डब्याला करंट माझ्यामुळे आला. मी आत एक तार जोडली होती, जोडायला नको होती. दुसऱ्या दिवशी तपासलं तेव्हा मला कळलं. मी ती तार कापून टाकली आणि कुणाला सांगितलं नाही. हात ओले असते किंवा कोरडे, शॉक बसलाच असता." तो उठून उभा राहिला, कारण वाकून बोलता येईना. "मी वाचवलं नाही कुणाला. मीच केलं ते."

नागनाथ त्याच्या अंगावर धावून गेला नाही. त्याचा चेहरा असा काही उतरला की त्यापेक्षा दोन थोबाडीत बसल्या असत्या तर तनयला सोसलं असतं. पण आधी अक्का बोलल्या.

"परत म्हण."

"अक्का, मी..."

"तुझं नको. माझं म्हण. हातांचं."

"तुमचे हात ओले नव्हते."

अक्कांनी दोन्ही हात पुढे धरले आणि पाहिले. मग नागनाथला, पवित्राला, त्या मंजुनाथलासुद्धा, ज्याचा ह्यात काही संबंध नव्हता, त्या सांगत सुटल्या. "मी पुसले होते! म्हटलं होतं ना मी? पदराला पुसले होते! भांडं विसळलं, पालथं घातलं आणि पुसले!" त्या हसत होत्या, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी येत होतं. पवित्रा पुढे येऊन त्यांच्या गळ्यात पडली. "अक्का, मला वाटलं, मी बघितलं..." 

क्षणभर तनयला वाटलं की संपलं. सांगितलं आणि सुटलो. तेवढ्यात अक्का त्याच्याकडे वळल्या, आणि त्यांचं हसू मावळलेलं होतं.

"म्हणजे सोवळं मोडलंस तू."

"हो."

"ते एक सोड. चुकतो माणूस. माझ्याही हातून पीठ बिघडलंय कितीदा." त्यांचा आवाज चढला नाही. "पण नंतर तू रोज ह्या जिन्यावरून चढलास, उतरलास. मी तुला विचारायची, ताक दिलं का, गॅस बघ रे जरा. तू बघून यायचास. बंद आहे अक्का, म्हणायचास. मला वाटलं, माझं डोकं चाललं. झोप यायची नाही तेव्हा मी आईचं नाव आठवून बघायची, राहिलंय का म्हणून. मावशीचं बघायची. ते माझे हाल तू बघत होतास ना रे, तनय?"

 त्यानं मान हलवली. हो.

नागनाथला आता वाचा फुटली. खोली खाली कर म्हणाला, आजच्या आज कर, पोलिसात देईन म्हणाला, आणि बोलता बोलता रडू लागला, कारण ओल्या हातांवरून आईला सगळ्यांत जास्त तोच बोलला होता. अक्कांनी त्याला गप्प केलं.

"कुठं जायचं नाही कुणी. तो गेला की सुटला. राहू दे वर. आणि मीही कुठं जात नाही. मंजुनाथ, तुझा फेरा फुकट गेला बघ, चहा घेऊन जा." मग त्या तनयला म्हणाल्या, "आज घरोघरी जाऊन सांग. मला जो जो बोलला त्याला त्याला. दूधवाल्यालाही."

तनय गेला. गल्लीतल्या प्रत्येक दारात उभा राहून त्यानं ते सांगितलं, मोडक्या कानडीत, हिंदीत, मराठीत. काहींना ऑप्टोकपलर म्हणजे काय ते कळलं नाही, पण अक्कांचे हात कोरडे होते हे सगळ्यांना कळलं. निधी त्याच्याबरोबर चालत होती. शेवटच्या दारातून बाहेर पडल्यावर ती म्हणाली, "मी त्यांना डिमेन्शिया झालाय म्हणाले होते. तू ऐकून घेतलंस." मग ती त्याच्या पुढे चालू लागली.

डबा त्यानं धुऊनपुसून परत केला. आतलं सगळं काढून टाकलं होतं, भोकं तेवढी राहिली होती. अक्कांनी ओट्याकडे बोट दाखवलं. "ठेव तिथं. लसूण ठेवीन त्यात. हवा लागेल."

नागनाथनं घरात नवीन वायरिंग करून घेतलं, झटका बसण्याआधी वीज तोडणारा स्विच बसवला. अक्का पुन्हा ग्राइंडरपाशी पाटावर बसू लागल्या. गुडघे धरायचे, पण वेळ त्या स्वतःच बघायच्या, आणि हात एकदाच पुसायच्या. बायका पुन्हा भांडी घेऊन दारात येऊ लागल्या. तनयला वाटलं, आपलं पीठ आता बंद झालं असणार, आणि तसं झालेलं त्याला चाललं असतं.

बंद झालं नाही. एका संध्याकाळी तो ऑफिसहून आला तेव्हा जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्याचं पातेलं ठेवलेलं होतं, वर ताटली झाकलेली. आत ग्राइंडर घरघरत होता. अक्कांची पाठ दारातून दिसत होती. तो थांबला. त्या उठून येतील, पातेलं उचलून त्याच्या हातात देतील आणि सोडणार नाहीत, असं त्याला वेड्यासारखं वाटत राहिलं.

"अक्का," तो म्हणाला.

अक्का वळल्या नाहीत. आतून, ग्राइंडरच्या आवाजावरून, त्यांचा आवाज आला.

"जेवलास का?"

"नाही अजून," तनय म्हणाला.

"सरी. घेऊन जा."

तनयनं हात पँटला पुसले आणि पातेलं उचललं.